डॉक्टरताई, लांब बघा

गाडीची सीट जमिनीपासून ८२५ मिलिमीटर उंच आणि मी पाच फूट दोन इंच. शोरूममधल्या मुलाने अदबीने विचारलं, "मॅडम, सरांसाठी बघताय का?" सर शेजारी उभे राहून फोनवर कुणाशी तरी सोसायटीच्या पाण्याबद्दल भांडत होते. त्यांना दुचाकीत काडीचाही रस नाही. मी चढून बसले. डाव्या पायाचा चवडा टेकला, उजवा पाय अधांतरी. मुलगा गाडी धरायला धावला. "उंची कमी करून मिळते मॅडम, पण मग खालची जागा कमी होते," तो म्हणाला. खालची जागा म्हणजे इंजिनाचं बूड आणि जमीन यांतलं अंतर. या गाडीत ते २२० मिलिमीटर आहे. ते कमी करायचं, तर एवढी उंच गाडी घ्यायचीच कशाला? तशीच घेतली.

गाडी म्हणजे हीरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही. आपल्याकडे खिशाला परवडेल आणि मातीतही चालेल अशी मोटरसायकल फार वर्षं नव्हतीच. २०११ मध्ये हीरोने इम्पल्स नावाची दीडशे सीसीची एक आणली होती; ती फारशी खपली नाही आणि काही वर्षांत बंद झाली. मग २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली; माझी फोर-व्ही ही तिचीच पुढची आवृत्ती. मोटोक्रॉसच्या अस्सल गाड्या वेगळ्याच. त्या शंभर किलोच्या आसपास भरतात, त्यांना दिवे नाहीत, इंडिकेटर नाहीत, आपल्या आरटीओत त्यांची नोंद होत नाही. त्या टेम्पोत घालून मैदानावर न्याव्या लागतात. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा भाच्याच्या हट्टाखातर मी गेले होते. मातीचे ढिगारे रचून केलेल्या त्या वाटेवरून पोरं गाडीसकट हवेत जात होती. भाचा उड्या बघत होता. मी मात्र बघत राहिले ती उडीनंतरची दोन-तीन सेकंदं. मागचं चाक वेडंवाकडं नाचतंय आणि वरचा माणूस शांत. हे कसं जमतं? मला उड्या मारायच्या नव्हत्या. सासवडच्या पुढे जिथे डांबर संपतं, तिथून पुढे जायचं होतं, एवढंच.

आधी स्कूटर आणि मग मोटरसायकल अशी निम्मी हयात मी पुण्याच्या रहदारीत घालवली आहे. त्यामुळे गाडी मला येते, आता जरा खडबडीत रस्त्याचा सराव करायचा, अशा समजुतीत मी होते.

शिकवणारा पोरगा चोविशीचा. मी त्याला अरे-तुरे करते, तो मला डॉक्टरताई म्हणतो, कारण मी दातांची डॉक्टर आहे. दिवे घाट चढून गेल्यावर एका शेतकऱ्याचा पडीक माळ त्याने भाड्याने घेतला आहे. चार बाभळी, एक पाण्याची टाकी, एक पत्र्याची शेड. मी पोचले तेव्हा त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि पाना काढला. क्लच आणि ब्रेकच्या दांड्या हँडलला जिथे आवळलेल्या असतात ते नट त्याने किंचित सैल केले. "घट्ट असल्या तर पडल्यावर तुटतात. सैल असल्या की नुसत्या फिरतात." मग चाकांतली हवा वीसच्या आसपास आणली. कमी हवेने टायर जरा पसरतो आणि दगडाला धरतो. पण फार कमी करूनही चालत नाही, कारण या चाकात ट्यूब आहे आणि ती दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटून फाटते. त्याने आरसे काढून शेडमध्ये ठेवले. शेवटी गाडी स्टँडवरून काढली, माझ्याकडे बघून हसला आणि ढकलून दिली.

नवी गाडी. टाकीवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नव्हतं.

"आता उचला," तो म्हणाला.

जवळपास १६० किलोचं धूड. मी वाकले, हँडल धरलं आणि ओढलं. काहीही झालं नाही. पाठीतून एक कळ तेवढी गेली. तेव्हा त्याने रीत दाखवली. आधी इंजिन बंद. गाडी गिअरमध्ये ठेवायची, म्हणजे ती पुढे घरंगळत नाही. उजव्या अंगावर पडली असेल तर स्टँड आधीच बाहेर काढायचं, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाऊन पडते. हँडल एका बाजूला पूर्ण वळवायचं. मग गाडीकडे पाठ करून सीटला टेकायचं, उकिडवं बसायचं, एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांडीला, आणि पायांच्या जोरावर उलटं चालत उठायचं. आणि खरंच, ती उठली. हात नुसते धरायला. काम सगळं मांड्यांचं. त्या सकाळी मला गाडी चालवायला मिळालीच नाही. नुसती पाडली आणि उचलली. घरी गेल्यावर नवऱ्याने विचारलं, "काय शिकलीस?" मी सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आणि याचे तो पैसे घेतो?"

पुढे उभं राहणं आलं. बसायचंच नाही. फूटरेस्टवरची रबरं त्याने काढून टाकली होती. खाली लोखंडाचे दाते होते, ते बुटाच्या तळव्यात रुततात. गुडघे जरा वाकवून टाकीला लावायचे, कोपरं बाहेर, हनुवटी हँडलच्या वर. मी उभी राहिले आणि जे हाताला लागलं ते घट्ट धरलं. हाताला लागलं होतं हँडल. गाडीला धक्का बसला की मी हँडल ओढायचे, उजव्या मुठीतली रेस आपोआप वाढायची, गाडी उसळायची, मी आणखी घट्ट धरायचे, रेस आणखी. "डॉक्टरताई, हात सोडा!" तो ओरडायचा. हात सोडून काय धरू? "काही धरू नका!"

एसटीचा कंडक्टर घाटातल्या वळणावर कशालाही न धरता सुटे पैसे मोजत उभा असतो, तसं उभं राहायचं होतं. बस हलते, गुडघे हलतात, कंडक्टर जागच्या जागी. एकदा हे डोक्यात शिरल्यावर पायांना ते हळूहळू कळायला लागलं. यामागचं यंत्रशास्त्रही तो पोरगा नीट समजावून सांगतो. बसलेलं असताना माझं सगळं वजन सीटवर, म्हणजे गाडीच्या वरच्या भागात येतं आणि गाडी हलली की मीही तिच्याबरोबर फेकली जाते. उभं राहिल्यावर ते वजन फूटरेस्टवर, खूप खाली उतरतं. गाडी माझ्याखाली डावी-उजवी डोलायला मोकळी होते. पुढचा सस्पेन्शन १९० मिलिमीटर वर-खाली होतो, मागचा १७०. त्यात माझे गुडघे आणि घोटे मिळवले की धक्का कमरेपर्यंत पोचतच नाही. पुढचं चाक २१ इंची का, याचंही उत्तर साधं आहे. चाक जितकं मोठं, तितका तोच दगड त्याला खालच्या अंगाला लागतो, आणि चाक अडखळण्याऐवजी त्यावर चढून जातं. माझ्या जुन्या गाडीचं १७ इंची चाक ज्या दगडाला ठेचकाळलं असतं, त्यावरून ही नुसती हुंकार देऊन गेली.

हे सगळं कळलं तरी वळण जमेना. रस्त्यावर वळताना आपण गाडीबरोबर आत झुकतो. ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्याचा कधी विचारही करत नाही. मुरमावर याच्या नेमकं उलट. गाडी आत पाडायची आणि स्वतः बाहेरच्या बाजूला सरळ राहायचं, बाहेरच्या पायाने फूटरेस्ट दाबून धरायचा. बाहेरून वजन पडलं की टायर जमिनीत रुततो. मी आत झुकले की तो बाहेर सटकतो. दोन पाण्याच्या बाटल्या ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढायचा, हा धडा. बाटल्या मी सपाट केल्या. त्याने दुसऱ्या ठेवल्या. त्याही केल्या. मग त्याने दगड ठेवले.

मुरूम ही काय चीज आहे ते मला तोवर माहीत नव्हतं. आमच्या पुण्याच्या पूर्वेकडचा हा सगळा भाग बेसॉल्टचा. खडक हवापाण्याने कुजत कुजत भुगा होतो, तो मुरूम. खाली कठीण पाषाण, वर सुटे खडे, आणि प्रत्येक खडा स्वतंत्रपणे घरंगळायला तयार. एप्रिल-मे महिन्यांत वर आणखी फुफाटा असतो, म्हणजे खड्डाही दिसत नाही. एक-दोन पाऊस झाल्यावर तोच मुरूम घट्ट बसतो, पाणी निथळून जातं, आणि गाडी धरण्याच्या दृष्टीने त्यासारखी जमीन नाही. मी शिकायला सुरुवात केली मे महिन्यात. विचारून करायला हवी होती, असं तो पोरगा म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "नाही, बरंय. सगळ्यात वाईटात शिकलात तर नंतर सोपं."

ब्रेकचंही तेच. रस्त्यावर थांबायची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, हे मी भाच्याला स्वतः शिकवलं होतं. इथे सुट्या खड्यांवर पुढचा ब्रेक एका बोटाने, अदमासाने. या गाडीत एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे. मागचा ब्रेक जोरात दाबला की ते चाक सरळ लॉक होतं आणि घसरायला लागतं. पहिल्यांदा मागचं चाक माझ्या शेजारी येऊ पाहत होतं तेव्हा माझी किंकाळी शेतकऱ्याच्या घरापर्यंत गेली, असं त्याच्या बायकोने नंतर चहा देताना सांगितलं. आणि तो पोरगा म्हणे, मुद्दाम घसरवा. पुन्हा पुन्हा. मागचं चाक घसरणं ही काळजी करायची गोष्टच नाही, काळजी पुढच्याची.

पण सगळ्यात अवघड ठरले डोळे.

माळाच्या मधोमध एक दगड होता. फार मोठा नाही, टरबुजाएवढा. दोन्ही बाजूंना बैलगाडी जाईल इतकी जागा. आणि मी दर वेळी जाऊन त्याच दगडाला धडकायचे. इतकी जागा सोडून! मी मुद्दाम त्याच्यावर लक्ष ठेवून होते, की बाई, याला चुकवायचंय. तेच तर होत होतं. डोळे जिथे रोखलेले, तिथे खांदे वळतात, खांद्यांमागून हात, हातांमागून गाडी. "डॉक्टरताई, लांब बघा!" त्याचा आवाज माळभर. लांब म्हणजे कुठे? "त्या बाभळीकडे! दगड बघून झालाय ना? मग तो सोडा!" पुढच्या चाकासमोरची जमीन बघून उपयोग नाही, कारण ती दिसते तेव्हा तिच्याबद्दल काही करायची वेळ गेलेली असते. पंचवीस-तीस पावलं पुढची वाट बघायची, ती डोक्यात ठेवायची आणि चाकाखाली जे येईल ते गाडीवर सोपवायचं. माझा सगळा धंदा नाकापासून वीतभर अंतरावर बघण्याचा आहे. दाताच्या पोकळीतला केसाएवढा काळा ठिपका शोधायचा. इतकी वर्षं लावलेली डोळ्यांची ही सवय माळावर माझा घात करत होती, आणि ती सुटता सुटेना. अजूनही दमले की नजर पायाशी येते.

धंद्याचा विषय निघालाच आहे तर हातांचं सांगते. मूठ सतत आवळली की कोपरापासून मनगटापर्यंतच्या स्नायूंत रक्त भरतं, ते फुगतात, पण त्यांच्यावरचं आवरण काही ताणत नाही; आत दाब वाढतो आणि बोटं ऐकेनाशी होतात. रेसिंगवाले याला आर्म पंप म्हणतात. शरीररचनाशास्त्र मी शिकले आहे, त्यामुळे काय चाललंय ते सगळं मला नावानिशी कळत होतं आणि त्याचा काडीइतका उपयोग नव्हता. सोमवारी दवाखान्यात ड्रिल हातात घेतलं आणि टोक थरथरायला लागलं. मी ते खाली ठेवलं. रूट कॅनलच्या पेशंटला बुधवारी बोलावलं, आणि तेव्हापासून सोमवारी सकाळी फक्त तपासण्या ठेवते. असिस्टंट मुलगी विचारते, "मॅडम, तुम्ही नक्की कुठे जाता रविवारच्या?"

बूट आले तेव्हा नवी पंचाईत. गुडघ्याखालपर्यंत प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे, घोटा वळूच नये अशा बेताने केलेले. त्यांना गाडीच्या किमतीचा जवळपास दहावा हिस्सा लागला. पण त्या बुटातून गिअर पायाला लागतच नाही. पडला की नाही ते इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचं. गिअरची दांडी एक दाता वर चढवून घेतल्यावर बूट तिच्याखाली शिरायला लागला. हे बूट घालून पेट्रोल पंपावर उतरले की माणसं गाडीकडे न बघता पायांकडे बघतात.

माळ सोडून आम्ही पहिल्यांदा वाटेला लागलो ते एका टेकाडावर चढायला. पाणंदीतून आत, मग सीताफळाच्या बागेच्या कडेने, मग एक चढ. पावसाच्या पाण्याने मधोमध चर पडलेला, दोन्ही बाजूंना सुटे दगड. नियम सोपा: खाली जो वेग धरला तोच वरपर्यंत, पहिला किंवा दुसरा गिअर, मध्ये बदलायचा नाही, रेस सोडायची नाही. अर्ध्यात चर माझ्याकडे वळला, की मी त्याच्याकडे वळले, देव जाणे. पुढचं चाक आत गेलं आणि मी घाबरून रेस सोडली. रेस सोडली की वजन पुढे येतं, पुढचं चाक आणखी रुततं. गाडी बंद. मी उतारावर, चवडे टेकत नाहीत, एक पाय चरात. पुढचा ब्रेक जिवाच्या आकांताने दाबलेला, तरी गाडी एक एक इंच मागे घसरतेय, कारण मुरमावर लॉक झालेलं चाकही घसरतंच.

तो वरून ओरडला, "गिअरमध्ये आहे ना? क्लच सोडा, हळू! इंजिनच धरेल तिला." क्लच सोडला. गाडी थांबली. मागच्या चाकाला बंद इंजिनाने धरलं होतं. मी तशीच उभी. घाम चष्म्यावर. आता?

"आता तिला पडू द्या."

मी म्हटलं, काय?

"वरच्या अंगाला हळूच आडवी करा."

इतका वेळ जी पडू नये म्हणून जिवाचं रान केलं होतं, तिला आता आपल्या हातांनी निजवायचं. मी निजवली. हात मोकळे झाले, पाय जमिनीवर आले आणि इतकं बरं वाटलं की मी दोन मिनिटं तिच्याशेजारी बसूनच राहिले. मग आम्ही पुढचं चाक धरून ते ओढत खाली वळवलं. गाडी चढाच्या अंगाला आडवी असली की जमीनच वर आलेली असते, म्हणून थोडीच उचलावी लागते, हेही तेव्हा कळलं. तोंड उताराकडे झालं. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, बूड सीटच्या मागे, इंजिनच्या ओढीवर खाली. इथे क्लच दाबला तर गाडी मोकळी सुटते. तो दाबायचा मोह आवरणं हीच परीक्षा. खाली आले. पुन्हा वर गेले. वर पोचले तेव्हा समोर लांबवर पुरंदर आणि वज्रगड दिसत होते, आणि खरं सांगायचं तर मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. पाणी प्यायले.

आम्ही तिथे बसलो असताना खालून एक स्प्लेंडर आली. मागे दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, टायर गुळगुळीत, चालवणाऱ्याच्या पायात चपला. त्याच चरातून, बसून, एका हाताने टोपी सावरत तो वर आला आणि आमच्यापाशी थांबला. "गाडी बंद पडली का?" नाही म्हटलं. "ॲव्हरेज किती देती?" सांगितलं. त्याने मान हलवली, त्याला ते पटलं नव्हतं, आणि निघून गेला.

मला वाटलं आता आमचे गुरुजी ओशाळतील. छे. तो उठून चर बघायला गेला आणि मला बोलावलं. "त्याची रेघ बघा." त्या दुधवाल्याच्या टायरची खूण चरात कुठेच नव्हती, चराच्या डाव्या काठावर वीतभर रुंद घट्ट माती होती, तिच्यावरून ती सरळ वर गेली होती. तो रोज येतो. त्याला ती रेघ पाठ आहे. किटल्यांचं वजन मागच्या चाकावर पडतं, म्हणून ते घसरत नाही. "याला अनोळखी वाटेवर सोडा, मग बघू," असं काहीतरी तो पुटपुटला, पण त्यात फारसा दम नव्हता. मला तर वाटतं, तो माणूस अनोळखी वाटेवरही गेला असता. डांबर नसलेल्या रस्त्यावर गाडी चालवणं हा ज्यांचा छंद नाही, त्यांच्या गावात आपण बूट घालून छंद करायला येतो, एवढं भान ठेवलेलं बरं.

हे भान जमिनीच्या बाबतीत जास्तच लागतं. शहरातून बघितलं की हे माळ रिकामे, ओसाड वाटतात. त्यातला कितीतरी भाग वनखात्याचा आहे आणि राखीव वनात विनापरवाना शिरणं १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, या गवतात लांडगे आहेत, खोकड आहेत. पलीकडे सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारांसाठी राखलेलं. टिटवी, धाविक, चंडोल ही पाखरं झाडावर घरटी करतच नाहीत. उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर अंडी घालतात, खड्यांच्याच रंगाची. आमचा पोरगा याबाबत कडक आहे. पडलेली चाकोरी सोडून गवतात गाडी घालायची नाही, बांध ओलांडायचा नाही, गुरं दिसली की इंजिन बंद. एकदा टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालायला लागली, तेव्हा त्याने शिकायला आलेल्या आम्हा सगळ्यांना गाड्या ढकलत मागे न्यायला लावलं. मला ते तेव्हा अति वाटलं होतं. कासच्या पठाराकडच्या सड्यांवर तर अशा गाड्या नेऊच नयेत असं माझं ठाम मत झालंय. तिथे कातळावर बोटभर माती, तिच्यात चाक एकदा गेलं की तो व्रण पुढच्या पावसाळ्यांतही राहतो.

पाणंदी मात्र सर्वांच्या. त्याही बदलताहेत. २०२१ मध्ये राज्य सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, तेव्हापासून ठिकठिकाणी पाणंदींवर खडी-मुरूम पडतो आहे. माझ्यासोबत शिकणारा एक आयटीतला मुलगा यावर हळहळला, की "चांगली ट्रेल गेली." ज्याच्या शेतात ऊस तोडून पडलाय आणि चिखलामुळे ट्रॅक्टर आत येत नाही, त्याच्यासमोर हे बोलून बघ म्हणावं.

रात्री मी डाकार रॅलीच्या फिती बघायला लागले. २०१५ मध्ये सी. एस. संतोषने ती पुरी केली. ती पुरी करणारा तो पहिला भारतीय. शोरनूरचा हरिथ नोआ २०२४ मध्ये एकूण अकरावा आला आणि रॅली-टू गटात पहिला. पूर्वी हे बघितलं असतं तर वाळवंट बघितलं असतं. आता मी हरिथचे गुडघे बघते. फीत थांबवून. नवरा म्हणतो, "ही आवड जरा विचित्रच दिशेने चाललीय."

मग पाऊस आला, आणि मुरमाबद्दल तो शिकवणारा पोरगा जे म्हणाला होता ते शब्दशः खरं निघालं. पण माळाच्या खालच्या अंगाला, सखल भागात, काळी माती आहे. ती धरत नाही आणि सोडतही नाही. टायरच्या सगळ्या खाचा बुजतात, चाक गुळगुळीत होतं आणि गाडी एखाद्या बाजूने स्वतःच्या मर्जीने निघते. या गाडीचं पुढचं मडगार्ड चाकापासून इतकं वर, चोचीसारखं, का काढलेलं आहे ते मला तिथे समजलं. साध्या गाडीत ते टायरला लगटून असतं. मध्ये काळी माती भरत जाते आणि चाक फिरायचंच थांबतं. आमच्यातल्या एकाने साधी मोटरसायकल आणली होती. तो शेवटी मडगार्ड खोलून पाठीवर बांधून घरी गेला.

ओढा शेवटी शिकवला. आधी चालत जायचं, हा नियम: काठीने खोली बघायची, तळाशी वाळू आहे की शेवाळलेले गोटे ते पायांनी चाचपायचं. हवा आत घेण्याचं तोंड सीटखाली आहे. पाणी तिथवर गेलं आणि इंजिनात शिरलं की सगळं संपलं, कारण हवा दाबता येते, पाणी दाबलं जात नाही, आणि आतला दांडा वाकतो. म्हणून पाणी चाकाच्या निम्म्याच्या वर असेल तर परत फिरायचं. एरवी पहिला गिअर, एकसारखी रेस, नजर पलीकडच्या काठावर.

मी बूट भिजवत, काठी टेकत मध्यावर पोचले होते. काठावर एक आजी गोधडी धूत बसल्या होत्या. बराच वेळ त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"काय हरवलं का गं?"

"नाही आजी, पाणी किती आहे बघतेय. गाडी घालायचीय."

"यात?" त्यांनी गोधडी खाली ठेवली. "अगं पल्याड पूल हाय की. ह्ये काय, वळणाच्या म्होरं."

मी म्हटलं, पूल माहीत आहे, पण पाण्यातून जायला शिकतेय. त्यांनी यावर थोडा विचार केला. मग हाताने दाखवलं, "मग मधनं नको. मधी गोटं निसरडं हायेत, म्हशीचा पाय घसरतो. त्या डाव्या अंगानं जा, तिथं वाळू हाय."

गाडीवर चढले. डाव्या अंगाने घातली. पाणी बुटात शिरलं, हँडल एकदा उजवीकडे ओढलं गेलं, मी त्याला तसंच जाऊ दिलं आणि पलीकडच्या आंब्याकडे बघत राहिले. इंजिनाचा आवाज पाण्यात घोगरा झाला, पण तुटला नाही. पुढचं चाक काठाला लागलं, मागच्याने वाळू उडवली आणि मी वर. मागे वळून बघते तर आजी उभ्या राहिल्या होत्या.

"आता माघारी कशी येनार?" त्यांनी ओरडून विचारलं.

"पुलावरून!"